नॉरफोकच्या एका गावात तीन चर्च कशी? आणि कुठले कोणाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यात, नॉरिचला शिकते, जुलैत तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. मागच्या खेपेला गाडीतून फिरताना पाचपन्नास घरांच्या गावात किल्ल्याएवढे चर्च दिसले, त्याच रस्त्यावर मेथडिस्टांचे चॅपेल आणि पुढच्या वळणाला कॅथलिक चर्च. एवढ्याशा वस्तीला एवढी चर्च कशाला लागतात? बाहेरून पंथ ओळखायचा कसा? ‘पॅरिश चर्च’ नेमके कोणते? आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसांनी आत गेलेले चालते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. चालते. खुशाल जा. खेड्यातली बहुतेक जुनी चर्च दिवसा उघडी असतात आणि आत चिटपाखरू नसते. दाराला मोठी लोखंडी कडी असेल, ती पिळा आणि खांद्याने जोर लावा. दार कुलूपबंद नसते, फुगलेले असते. खरोखरच कुलूप असेल तर फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते लिहिलेले सापडते. पडवीला जाळीचे हलके दार असेल तर ते मागे नीट लावून घ्या, नाहीतर पाकोळ्या आत शिरतात आणि अडकून मरतात. चपला काढायच्या नाहीत, डोके झाकायचे नाही. कुणी भेटलेच तर बहुधा फुलांचे पाणी बदलणाऱ्या आजीबाई असतील आणि त्या तुम्हाला अर्धा तास सोडणार नाहीत.

आता माझ्याबद्दल एक ओळ. मी मूळचा वसईचा, कॅथलिक घरातला. जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो आणि गेली सोळा वर्षे नॉरफोकात कुठल्या ना कुठल्या चर्चच्या छपरावर चढलेला असतो. १९५५च्या कायद्याने इथल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चची दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी बंधनकारक केली, आणि माझी चूल त्यावर पेटते.

वसईत आम्ही पॅरिशला धर्मग्राम म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण इंग्लंडात तो अर्धाच लागू पडतो. आमच्याकडे धर्मग्राम म्हणजे तिथल्या कॅथलिक माणसांचा समूह. इंग्लंडात पॅरिश म्हणजे आधी जमीन. देशाची इंच न् इंच भूमी चर्च ऑफ इंग्लंडच्या कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये मोडते, आणि तुमची मुलगी भाड्याने राहते ती खोलीसुद्धा. त्या हद्दीत राहणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, गावच्या दफनभूमीत जागा शिल्लक असेल तर तिथे पुरले जाण्याचा त्याला हक्क आहे. कॅथलिकांच्याही पॅरिश आहेत, पण तो त्यांचा स्वतःचा नकाशा; सरकारदरबारी त्याला वजन नाही. मेथडिस्टांना, म्हणजे अठराव्या शतकात निघालेल्या एका प्रॉटेस्टंट पंथाला, पॅरिशच नाही. त्यांचे सर्किट असते, त्यातल्या चॅपेलांवर प्रवचनकार पाळीपाळीने फिरतात. म्हणून नुसते ‘पॅरिश चर्च’ म्हटले की इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर अँग्लिकन चर्चच येते. आपल्याकडचे जवळचे उदाहरण द्यायचे तर ग्रामदैवताचे देऊळ. तुम्ही वारकरी असा, महानुभाव असा, गावजत्रेची वर्गणी तुमच्याकडे मागितली जाणारच.

या वर्गणीवरून पुढे बरेच रामायण झाले. तिकडे येतोच.

आधी संख्या. नॉरफोकमध्ये मध्ययुगातली साडेसहाशेहून जास्त चर्च आहेत. नुसत्या नॉरिच शहरात जुन्या तटाच्या आत आजही ३१ उभी आहेत. तेव्हा हा भाग इंग्लंडातल्या सर्वांत दाट वस्तीचा आणि पैसेवाला होता. पैसा लोकरीचा. वर्स्टेड नावाचे कापड सूटसाठी वापरतात ना, ते नाव इथल्या वर्स्टेड गावावरून पडले. त्या गावाचे चर्च पाहा, आजच्या वस्तीला ते दहा वेळा पुरेल. त्यामुळे ‘एवढ्याशा गावाला एवढे चर्च’ या कोड्याचे निम्मे उत्तर असे की गाव तेव्हा एवढेसे नव्हते. उरलेले निम्मे असे की प्रत्येक जहागीरदाराला स्वतःचे चर्च हवे होते.

रीपम गावात जाऊन या. लिहिताना त्याचे अक्षर वेगळे, बोलताना लोक ‘रीफम’ म्हणतात. नॉरफोकात गावांची नावे वाचून उच्चारायची नाहीत हा पहिला धडा. विंडमचे स्पेलिंग वायमंडहॅम वाटते आणि हेझबराचे हॅपिसबर्ग. तर रीपममध्ये एकाच दफनभूमीच्या आवारात तीन चर्च होती. दोन आजही जवळपास एकमेकांना टेकून उभी आहेत, तिसरे १५४३मध्ये जळाले आणि त्याच्या भिंतीचा तुकडा उरला. पाहुणे हमखास विचारतात की हे तीन पंथांचे का? नाही. तीन पॅरिशच्या हद्दी त्या ठिकाणी मिळत होत्या, आणि प्रत्येकीने आपले चर्च आपल्या कोपऱ्यात बांधले. पंथ एकच.

एकच, कारण दुसरा अस्तित्वातच नव्हता. ही सगळी जुनी चर्च बांधली गेली ती रोमला मानणाऱ्या इंग्लंडात. १५३४मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी नाते तोडले आणि इमारती, जमिनी, घंटा, सगळे जागच्या जागी चर्च ऑफ इंग्लंडचे झाले. एक वीटही हलली नाही. म्हणून ‘बाहेरून पंथ कसा ओळखायचा’ याचे माझे पहिले उत्तर जरा चमत्कारिक वाटेल: इमारत जितकी जुनी, तितकी ती अँग्लिकन असण्याची खात्री जास्त. नॉरफोकात चकमकीच्या दगडात बांधलेले, मनोरा असलेले, भोवती झुकलेल्या थडग्यांचे आवार असलेले चर्च दिसले की डोळे झाकून अँग्लिकन म्हणा. या प्रदेशात घडाईचा दगड नाही, शेतात सापडते ती चकमक. तिचे कोपरे साधत नाहीत, म्हणून गोल मनोरे बांधले असे म्हणतात. मला स्वतःला हे पटत नाही, कारण त्याच काळातले चौकोनी मनोरेही त्याच दगडात उभे आहेत. पण कारण काहीही असो, इंग्लंडातल्या १८०च्या आसपास गोल मनोऱ्यांपैकी १२०हून अधिक एकट्या नॉरफोकात आहेत. नॉरिचच्या कॅथेड्रलसाठी, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चसाठी, मात्र १०९६पासून समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या कां शहराजवळून, दगड होड्यांनी आणला. ज्याची ऐपत त्याचा कोपरा नीट.

आत गेल्यावर बदलाच्या खुणा दिसतात. सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये लाकडाची नक्षीदार पडदी असते, तिच्या खालच्या फळ्यांवर संतांची चित्रे. रॅनवर्थची पडदी इतकी टवटवीत आहे की रंगकाम कालपरवाचे वाटावे. पण जास्त बोलकी आहे ती बिनमची. तिथे संतांवर पांढरा रंग फासून त्यावर इंग्रजी बायबलातली वचने लिहिली गेली. आता तो रंग झिजला आहे आणि अक्षरांच्या मागून संतांचे चेहरे पुन्हा वर येऊ लागले आहेत. मी कॅथलिक असल्याने मला तिथे थोडे सुख होते, हे कबूल करतो. पण ते चेहरे पुसून मूळ स्वरूपात आणावेत असे कुणी सुचवले तर मीच पहिला आडवा येईन. दोन्ही थर इतिहास आहेत. बाप्तिस्माकुंडांकडेही लक्ष द्या. कुंडाच्या आठ बाजूंपैकी सात बाजूंवर सात संस्कार कोरलेली कुंडे इंग्लंडात मुख्यतः नॉरफोक आणि सफोकमध्येच सापडतात. आमच्या वसईत या संस्कारांना आम्ही स्नानसंस्कार, दृढीकरण अशा नावांनी ओळखतो. बहुतेक कुंडांवरच्या आकृत्यांचे चेहरे हातोडीने उडवलेले आहेत. आणि भिंतीवर सिंह आणि युनिकॉर्न असलेले राजचिन्ह टांगलेले दिसले तर दुसरी शंका नको, ते अँग्लिकनच. राजा चर्चचा प्रमुख हे सांगणारी ती पाटी आहे; कॅथलिक किंवा बाप्टिस्ट तिला भिंतीवर कशाला जागा देतील?

अजून एक गोष्ट, जी मार्गदर्शक पुस्तिका सांगत नाहीत. सभामंडप उंच, झोकदार, आणि पुढचा गाभारा बुटका किंवा उलट असे बऱ्याच ठिकाणी दिसेल. कारण हिशेबाचे आहे. जुन्या रिवाजाने गाभाऱ्याची दुरुस्ती रेक्टरच्या, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाळकाच्या, माथी आणि सभामंडपाची गावाच्या. गावाकडे लोकरीचा पैसा आला की मंडप वाढे. विंडमला हे टोकाला गेले. ११०७मध्ये स्थापन झालेल्या त्या मठाचे चर्च भिक्षू आणि गावकरी दोघांचे. भांडण इतके पेटले की मध्ये भिंत घातली. भिक्षूंनी मध्यावर एक मनोरा बांधला, गावकऱ्यांनी पंधराव्या शतकात पश्चिमेला त्याहून थोराड दुसरा. मठ बुडाला, भिक्षूंच्या मनोऱ्याचा पोकळ सांगाडा उरला, गावकऱ्यांच्या बाजूला आजही उपासना होते. १५४९च्या शेतकरी बंडानंतर म्होरक्या रॉबर्ट केटला नॉरिचच्या किल्ल्यावर टांगले आणि त्याच्या भावाला, विल्यमला, विंडमच्या याच पश्चिम मनोऱ्यावर.

आता ती वर्गणी. १६८९च्या सहिष्णुता कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना स्वतःची उपासनागृहे ठेवायची मुभा मिळाली, दार आतून कुलूपबंद करायचे नाही या अटीवर. नॉरिचच्या कोलगेट रस्त्यावर १६९३चे ओल्ड मीटिंग हाउस आहे आणि त्याच रस्त्यावर १७५६चे अष्टकोनी ऑक्टगन चॅपेल, मूळ प्रेस्बिटेरियनांचे, आता युनिटेरियनांचे (दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे पंथ). मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली १७५७मध्ये ते पाहून इतका खूश झाला की अख्ख्या युरोपात असे देखणे दुसरे नसेल असे त्याने रोजनिशीत लिहिले. ही घरे बाहेरून श्रीमंत व्यापाऱ्याच्या वाड्यासारखी दिसतात. मनोरा नाही, मोठ्या काचा, आत वेदीऐवजी प्रवचनाचे व्यासपीठ मध्यभागी आणि तिन्ही बाजूंनी सज्जे. शब्द ऐकायला जमलेल्या लोकांची खोली. क्वेकर या आणखी एका पंथाकडे तर व्यासपीठही नाही. नुसती बाके आणि शांतता. तुरुंगसुधारणेसाठी गाजलेली एलिझाबेथ फ्राय नॉरिचमध्ये १७८० साली अशाच क्वेकर घराण्यात जन्मली.

पण मुभा मिळाली म्हणून देणे थांबले नाही. पॅरिश चर्चच्या डागडुजीचा कर १८६८पर्यंत सगळ्यांवर सक्तीचा असू शके, मग तुम्ही तिथे पाऊल ठेवा वा न ठेवा. स्वतःच्या चॅपेलसाठी पैसे द्यायचे ते वेगळेच. आणि मेल्यावर? गावची दफनभूमी पॅरिश चर्चची. १८८०पर्यंत तिथे पुरताना अँग्लिकन पद्धतीनेच विधी व्हायचा. तुमच्या पाळकाला कबरीपाशी उभे राहून प्रार्थना म्हणायची परवानगी नव्हती. गावाच्या कडेला, रस्त्यापासून दूर, एखाद्या शेतकऱ्याने दिलेल्या चिंचोळ्या पट्टीवर विटांचे ठेंगणे चॅपेल दिसते, ते तिथे का आहे हे आता लक्षात येईल. मधली जमीन रेक्टरची किंवा जमीनदाराची होती.

मला ही चॅपेल मनापासून आवडतात, आणि माझ्या धंद्यातले बरेच लोक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत याचा राग येतो. दर्शनी त्रिकोणात पाटी शोधा: ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ (मेथडिस्टांतली एक शाखा) आणि साल. मग खाली वाकून जोत्याकडे पाहा. तिथे एकेका विटेवर किंवा दगडावर नावे, आद्याक्षरे कोरलेली असतात. ज्याने पैसे दिले त्याच्या नावाची ती वीट. शेतमजुरांची ही चर्च. मार्शम गावचा जॉर्ज एडवर्ड्स याच परंपरेतला. १८५०चा जन्म, लहानपणी शेतात कावळे हाकायचे काम, लग्न होईपर्यंत निरक्षर. चॅपेलमध्ये प्रवचन करायचे म्हणून बायकोकडून, शार्लटकडून, वाचायला शिकला. पुढे १९०६मध्ये त्याने शेतमजुरांची संघटना उभी केली आणि १९२०मध्ये साउथ नॉरफोकचा खासदार झाला. बर्स्टनमध्ये १ एप्रिल १९१४ला शाळेतली बहुतेक सगळी मुले वर्गाबाहेर पडली, कारण शाळा व्यवस्थापनात वजन असलेल्या रेक्टरशी बिनसल्यावर हिग्डन दांपत्याला शिक्षकाच्या नोकरीतून काढले होते. टॉम हिग्डन हाही मेथडिस्ट प्रवचनकार. रेक्टरने चर्चच्या मालकीच्या जमिनी कसणाऱ्या विरोधकांकडून त्या काढून घेतल्या. लोकांनी रविवारची उपासना गावच्या हिरवळीवर भरवली. तो संप १९३९पर्यंत, २५ वर्षे चालला. संपाची शाळा आजही उभी आहे, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. पंथभेद म्हणजे केवळ धर्मशास्त्रातला वाद असे ज्यांना वाटते त्यांना मी तिथे नेतो.

चॅपेल शब्दाचा मात्र एक चकवा आहे. किंग्ज लिनमध्ये सेंट निकोलस चॅपेल नावाची प्रचंड मध्ययुगीन इमारत आहे. ती मेथडिस्ट नव्हे. मोठ्या पॅरिशमधल्या लांबच्या लोकांच्या सोयीसाठी बांधलेले अँग्लिकन उपचर्च. लिनला गेलात तर सेंट मार्गारेटच्या पश्चिम दाराशी पुराच्या पाण्याच्या रेषाही पाहा. १९५३च्या रेषेशी मी छातीपर्यंत बुडतो, २०१३ची त्याहून वर आहे.

कॅथलिकांचे प्रकरण तुलनेने थोडक्यात सांगता येईल, कारण अडीचशे वर्षे ते लपूनच होते. ऑक्सबरा हॉलमध्ये बेडिंगफेल्ड घराण्याची पाद्री लपवायची खोबण अजून दाखवतात. १७९१च्या कायद्याने त्यांना उपासनागृहे बांधता आली, पण शिखर नको आणि घंटा नको. कॉस्टेसीला, ज्याला स्थानिक लोक ‘कॉसी’ म्हणतात, शेतकऱ्यांचा नॉरफोकी संत वॉल्स्टन याच्या नावाने कॅथलिक चर्च आहे. त्याच संताच्या नावाचे, गोल मनोऱ्याचे अँग्लिकन चर्च जवळच बॉबराला. आणि मग सगळी भरपाई एकदम: नॉरिचचे सेंट जॉन द बाप्टिस्ट, १८८२ ते १९१०, सगळा खर्च नॉरफोकच्या पंधराव्या ड्यूकचा. तेराव्या शतकाच्या शैलीत इतके हुबेहूब की निम्मे पर्यटक यालाच जुने कॅथेड्रल समजून फोटो काढतात. बांधले पॅरिश चर्च म्हणून, १९७६मध्ये त्याचे कॅथेड्रल झाले. आतमध्ये वेदीजवळ लाल दिवा तेवत असला तर कॅथलिक, असा नियम मी तुम्हाला दिला असता, पण मग तुम्ही वॉल्सिंगमला जाल आणि मला शिव्या द्याल.

वॉल्सिंगमला जाच. परंपरेने १०६१पासूनचे मारियामातेचे तीर्थ, १५३८मध्ये उद्ध्वस्त, मूर्ती लंडनला नेऊन जाळली. गावाअलीकडे मैलभरावर चौदाव्या शतकातले स्लिपर चॅपेल आहे. यात्रेकरू तिथे पादत्राणे काढून पुढची वाट अनवाणी चालत, असे सांगतात. मधल्या काळात तिथे गोठा होता. १८९६मध्ये शार्लट बॉइड या बाईंनी ते विकत घेऊन कॅथलिकांना दिले, १९३४मध्ये ते त्यांचे राष्ट्रीय तीर्थ झाले. इकडे गावातल्या अँग्लिकन व्हिकरने (पाळकाने), होप पॅटनने, १९२२मध्ये पॅरिश चर्चमध्येच मारियामातेची मूर्ती बसवली. बिशप रुसले, तेव्हा १९३१मध्ये मूर्तीसाठी वेगळी वास्तू बांधली. तिथे धूप आहे, लाल दिवे आहेत, मिस्सा हा शब्द आहे, आणि सगळे अँग्लिकन आहे. माझ्या आईला मी तिथे नेले तेव्हा तिने गुडघे टेकून माळ म्हटली, आणि बाहेर आल्यावर मी सांगितले तेव्हा म्हणाली, “मग काय झालं? आई तीच ना?” बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात १९६७पासून ऑर्थोडॉक्स पंथाचे छोटे चॅपेल आहे, आणि मेथडिस्टांचे १७९४चे. जुलैत गेलात तर मल्याळी बायकांच्या पांढऱ्या-सोनेरी साड्या गावभर दिसतील. ब्रिटनमधल्या सिरो-मलबार कॅथलिकांची यात्रा तेव्हा भरते.

व्यवहारापुरते सांगायचे तर पंथाचा फरक मला सर्वांत जास्त जाणवतो तो परवानगीच्या कागदांत. अँग्लिकन, कॅथलिक, मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्ड यांना संरक्षित इमारतीत बदल करताना स्वतःच्या अंतर्गत यंत्रणेची मंजुरी पुरते. युनिटेरियन आणि क्वेकर मात्र सामान्य नागरिकासारखे नगरपालिकेच्या दारात. छपरावरच्या शिशाच्या चोऱ्या सगळ्यांकडे होतात. वटवाघळेही सगळ्यांकडे, कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना हाकलता येत नाही, म्हणून जुन्या पितळी पाट्यांवर आणि बाकांवर प्लास्टिक अंथरलेले दिसले तर नाक मुरडू नका.

भारताचा धागा हवा असेल तर थेटफर्डला ‘एन्शंट हाउस’ संग्रहालय पाहा. पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांचा मुलगा प्रिन्स फ्रेडरिक नॉरफोकातच राहिला, इथल्या चर्चचा आणि जुन्या तसबिरींचा पक्का अभ्यासक झाला आणि १९२१मध्ये ती इमारत त्याने गावाला देऊन टाकली. त्याची कबर ब्लो नॉर्टनच्या चर्चच्या आवारात आहे.

आणि हो, दाराजवळ भेटवही असते, तिच्यात नक्की लिहा. दुरुस्तीसाठी अनुदान मागताना किती लोक येतात हे दाखवावे लागते, तेव्हा प्रत्येक सही कामाची. मराठीत लिहिलेत तरी हरकत नाही. दोनदा मला अशा पानांचे फोटो आले आहेत, अर्थ विचारायला. एकीत लिहिले होते, “खूप थंडी वाजली, पण छान आहे.” मी शब्दशः भाषांतर करून पाठवले, आणि त्या चर्चवॉर्डनने, म्हणजे चर्चची देखरेख पाहणाऱ्याने, ते पुढच्या हीटरच्या अर्जाला जोडले.